सूत धरणारी

काळी गाडी फोटोत कधी काळी येत नाही. तिच्यासमोर जे असेल ते तिच्यावर येतं. समोर लिंबाचं झाड असेल तर दारावर लिंब येतो, पाटी असेल तर पाटी उलटी होऊन येते, आणि फोटो काढणारा बेसावध असेल तर त्याचं पोटही येतं. म्हणून मी मुलांना सांगायचो, आधी गाडीला पाठ लावून उभे राहा आणि गाडीला काय दिसतंय ते बघा. मुलं हसायची. मग एखादा दाराला टेकून ओरडायचा, "गुरुजी, गाडीला उकिरडा दिसून राह्यला!" मग आम्ही गाडी हलवायला लावायचो.

कुंभार पिंपळगावच्या शाळेत मी चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर रविवारी मैदानावर मुलांना बोलवायचो. कॅमेरा हौसेचा होता. पण शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला गावात जीपगाड्या, ट्रॅक्टर वाढले आणि प्रत्येकाला आपल्या गाडीचा फोटो घरात लावायचा होता. माझे फोटो लोकांना आवडायचे, त्यात जादू नव्हती. उभ्याने काढलेली गाडी बेडकासारखी दिसते, म्हणून मी दिव्यांच्या उंचीपर्यंत खाली बसायचो. पुढचं चाक थोडं माझ्याकडे वळवायला सांगायचो. भर उन्हात कॅमेरा उघडायचो नाही. सूर्य नुकताच बुडाला की सगळं पश्चिमेचं आभाळ एक मोठा दिवा होतं, त्या उजेडात पत्र्याचा प्रत्येक उतार दिसतो.

मुलांना मी सूतही मारायला शिकवलं, गवंडी मारतात तसं. जाड सूत निळीच्या पुडीत घोळायचं, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, तिसऱ्याने मधोमध चिमटीत उचलून सोडायचं. फट् आवाज होतो आणि फरशीवर सरळ निळी रेघ उमटते. नियम एकच. मी "सोड" म्हणेपर्यंत टोक धरणाऱ्याने टोक सोडायचं नाही.

टोक धरायला बेबीनंदा सगळ्यांत पुढे. मालनबाईची मुलगी, चौथीतली. मालनबाई रोजाने शेतात जायची. पोरीच्या हाताला घाम फार यायचा, त्यामुळे रेघ संपते तिथे तिच्या चिमटीचे दोन ओले, गडद ठसे राहायचे. कोणती रेघ कोणी धरली होती ते मला त्यावरून कळायचं. एकदा तिला टोक देऊन मी, हिशेबाला आलेल्या मुख्याध्यापकांनी हाक मारली म्हणून आत गेलो. परत आलो तर बाकीची पोरं हँडपंपावर पाणी उडवत होती. दुसरं टोक झेंड्याच्या खांबाला अडकवून ही एकटी सूत ताणून उभी.

"अगं, सोडायचं ना."

"तुमी सोड कुठं म्हनले?" वर मलाच रागावली. हात थरथरत होते. "सोडू का आता?"

माघात, भर दुपारी, घनसावंगीच्या रस्त्यावर तिला गाडीने उडवलं. आईला शेतात भाकरी देऊन ती परत येत होती. दोन्ही बाजूंना कापसाची शेवटची वेचणी चाललेली. इतकी माणसं रानात, आणि एकानेही गाडी पाहिली नव्हती. कागदावर 'अज्ञात वाहन' असं लिहिलं गेलं.

मला राग लवकर येत नाही. लहान मुलांना शिकवणाऱ्याला तो परवडत नाही. पण त्या शब्दाचा मला आजही राग येतो. आमच्या गावात पोरं नुसत्या हॉर्नवरून गाडी कोणाची ते सांगतात. कोणाचा बैल कोणत्या पायाने लंगडतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. आणि वाहन अज्ञात!

मालनबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली होती. रडत नव्हती. "गुरुजी, सांच्याला लोक म्हनले, काळी व्हती," ती म्हणाली. "सकाळी त्येच लोक म्हनले, आमी असं न्हाई म्हनलो."

आमच्या भागात काळी गाडी एकच होती. जिनिंगवाल्या अण्णासाहेबांची कॉन्टेसा. ती त्या दिवसापासून दिसली नाही. पुण्याला कामाला टाकली आहे, असं त्यांच्या माणसांनी आपणहून, कोणी न विचारता सांगितलं.

फाल्गुनात ती परत आली. बाजाराच्या दिवशी माझ्याजवळून गेली तेव्हा मी थांबून बघत राहिलो. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, काचेला झेंडूची माळ, आणि वाड्यासमोर चाकांखाली चिरडलेली लिंबं पडलेली. जुन्या गाडीची पूजा दसऱ्याला होते. फाल्गुनात पूजा होते ती फक्त नव्या गाडीची. ही गाडी तर तीन पावसाळे खाल्लेली. अण्णासाहेबांनी पंचनाम्याची काळजी घेतली, पत्र्याची घेतली, आणि मग देवाला भिऊन सगळ्या गावासमोर लिंबं फोडली. ते गावातल्या प्रत्येकाला कळलं असणार. कोणी काही बोललं नाही.

चार दिवसांनी त्यांचा ड्रायव्हर कारभारी माझ्याकडे आला. गाडी विकायची आहे, औरंगाबादचं गिऱ्हाईक आहे, त्याला आधी फोटो पाठवायचे आहेत. "अण्णासाहेब म्हनले, गुरुजींच्या हातचा फोटो म्हंजी गाडी नवी दिसती," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, चपलेच्या अंगठ्याकडे बघत.

मी लगेच हो म्हटलं. ती गाडी गेली की सगळं गेलं, हे मला दिसत होतं. त्याआधी मला ती उजेडात बघायची होती.

पत्रा ठोकून, खळग्यात पुटीनचं लुकण भरून, रंग मारून गुळगुळीत केला की बोटाला फसवता येतं, प्रतिबिंबाला नाही. गाडीसमोर एक सरळ दोरी ताणा आणि तिचं प्रतिबिंब पत्र्यावर बघत जा. पत्रा मूळचा असेल तिथे रेघ सरळ किंवा कारखान्याने दिलेल्या बाकाने जाते. पुटीन असेल तिथे ती अडखळते.

गाडी मी शाळेच्या मैदानावर मागवली. मागे पांढरी भिंत हवी, एवढंच कारण सांगितलं. डावी बाजू माझ्याकडे करून उभी करायला लावली. समोर झेंड्याच्या खांबापासून हँडपंपापर्यंत शाळेचं ते जाड सूत ताणून बांधलं. दोन्ही गाठी छातीच्या उंचीवर. सुताला जुनी नीळ होतीच. मी सुताच्या मागे, खाली बसलो.

अण्णासाहेब स्वतः आले होते. पांढरा सदरा, हातात गाडीची किल्ली. "दोरी कशाला, गुरुजी? धोतर वाळू घालता का?"

"गाडी सरळ आहे का ते बघतो."

"गाडी बिलकुल सरळ हाय. वाकडी असतेत ती मानसं." ते आपल्याच बोलण्यावर हसले.

सूर्य बुडाला. आभाळ नारिंगी झालं आणि गाडी उभ्या पाण्यासारखी झाली. डिकीवरून रेघ निघाली, मागच्या दारावरून सरळ आली, पुढच्या दारावरून सरळ आली. पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर मात्र ती खाली झुकली, तिच्यावर कोणी ओलं फडकं टाकावं तशी, आणि पुन्हा वर आली.

"इथं पुटीन आहे, अण्णासाहेब."

"बैल धडकला व्हता."

मी उठून त्या झोकाच्या उंचीवर हात धरला. माझ्या कमरेच्याही खाली. "लहान होता का बैल?"

कारभारी मान फिरवून भिंतीकडे बघू लागला. अण्णासाहेबांनी किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "फोटो काढा, गुरुजी. उजेड चाल्लाय."

मी फोटो काढले. काढताना एक गोष्ट झाली, ती तेव्हा मी माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांवर ढकलली. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. पण दारावरच्या प्रतिबिंबात सुताचं हँडपंपाकडचं टोक हळूहळू खाली आलं, आणि झटका बसून पुन्हा वर गेलं. मी वळून पाहिलं. सूत जागच्या जागी ताठ होतं. उठून दोन्ही गाठी तपासल्या. पक्क्या होत्या. परत बसलो, आणि पत्र्यावरचं टोक पुन्हा सावकाश खाली येताना दिसलं. दमलेले हात येतात तसं.

रीळ धुवायला मी जुन्या जालन्यात वसंताकडे दिलं. कापडदुकानांच्या बोळात त्याचा स्टुडिओ, तो माझाच जुना विद्यार्थी. फोटो घ्यायला गेलो तर त्याने ते काउंटरवर पत्त्यांसारखे मांडून ठेवले होते.

"उजेड बराबर हाय, अँगल बराबर हाय," तो म्हणाला. "पन गुरुजी, दोरी एकाच टोकाला बांधल्ती का तुमी?"

"दोन्ही टोकांना."

"मंग हे काय?"

दारावरच्या प्रतिबिंबात झेंड्याचा खांब होता, त्यावरची गाठही दिसत होती. तिथून सूत निघालं होतं आणि हँडपंपाच्या ओट्यावर येऊन हवेत संपलं होतं. ओटा होता. पंप नव्हता. आणि हवेत संपलेलं ते टोक खाली लोंबत नव्हतं, ताठ होतं. खांबाकडे ते छातीच्या उंचीवर होतं, इकडे त्याच्या निम्म्यावर.

"अँगलमुळं पंप कापला गेला असेल," मी म्हटलं.

 पाकीट देताना वसंताने तेवढे फोटो वेगळ्या कागदात गुंडाळून दिले.

पुटीनचा फोटो घेऊन मी ठाण्यात गेलो. मालनबाई बाहेर बाकावर बसली. फौजदार साहेबांनी फोटो सरळ धरला, आडवा धरला. "पत्रा सरळ दिसून राह्यला, गुरुजी. तुमचा फोटोच वाकडा हाय. चहा घ्या." मी चहा घेतला नाही. बाहेर आलो तेव्हा मालनबाईने विचारलंसुद्धा नाही. तिने माझं तोंड पाहिलं आणि पदर सावरून उठली.

मी त्या दिवशी घरी येईपर्यंत दात आवळून होतो. रात्री जबडा दुखला तेव्हा कळलं.

गिऱ्हाईक बाकीच्या फोटोंवर खूश होऊन स्वतःच गाडी न्यायला येणार, असा निरोप आला. मी कारभारीला सांगितलं, गाडी मैदानावर आणा, त्या उजेडात त्यांना दाखवा, याहून चांगली ती कुठेच दिसायची नाही. खोटं बोललो नाही मी. आणि मालनबाईला सांगितलं, शाळेच्या पायरीवर येऊन बस.

अण्णासाहेबांना ती दिसताच त्यांच्या कपाळाची शीर उठली. "हिचं काय काम?"

"शाळेचं मैदान आहे. कोणीही येतं."

गिऱ्हाईक सभ्य माणूस होता. त्याला मी पुटीन दाखवणार होतो, त्यासाठीच सूत बांधत होतो. एक टोक खांबाला बांधलं. दुसरं टोक घेऊन हँडपंपाकडे गेलो आणि ते पंपाला न बांधता नुसतं ओट्यावर ठेवलं. का, ते मला सांगता येणार नाही. रागात माणूस जे करतो त्याचं कारण त्याला नंतर शोधावं लागतं.

सूत जमिनीवर सैल पडलं होतं. मी जागेवर येऊन खाली बसलो.

आभाळ पेटलं. गाडी पाणी झाली.

पत्र्यावरचं सूत जमिनीवरून उठलं.

ते सावकाश वर आलं, थोडं डुललं, आणि ताणलं गेलं. मी मागे पाहिलं. मैदानावर सूत धुळीत पडलेलं. पुढे पाहिलं. दारावर ते ताठ होतं, एका टोकाला खांब, दुसऱ्या टोकाला काही नाही.

"हे रिफ्लेक्शन..." गिऱ्हाईक म्हणाला आणि थांबला.

कारभारी दोन पावलं मागे सरला.

पायरीवरून मालनबाई उठली होती. ती गाडीकडे बघत नव्हती, ओट्याकडे बघत होती. अगदी हळू, घरात बोलावं तशी ती म्हणाली, "गुरुजी, हात दुखत असतील तिचे."

फट्.

आवाज सगळ्यांनी ऐकला. डिकीपासून दिव्यापर्यंत काळ्या पत्र्यावर निळी रेघ उमटली होती. प्रतिबिंब नव्हतं ते. पुढच्या चाकावर ती झुकली होती. गिऱ्हाइकाने बोट लावलं आणि आपल्या निळ्या बोटाकडे बघत राहिला. मग तो कोणाशी न बोलता फाटकाबाहेर चालत गेला.

अण्णासाहेबांनी रुमाल काढला. खसाखसा पुसलं. रुमाल निळा झाला. रेघ तशीच.

पत्र्यातलं सूत मात्र अजून ताणलेलं होतं, आणि आता थरथरत होतं. त्या थरथरीचा अर्थ मला माहीत होता. 'सोडू का?' हा प्रश्न मी त्या मैदानावर कितीदा ऐकला होता. मालनबाई माझ्याकडे बघत होती.

एक शब्द म्हणायचा होता. तो माझ्या जिभेवर आला. मग मी अण्णासाहेबांना पाहिलं. ते थुंकी लावून पत्रा घासत होते.

"धर," मी म्हटलं. "धरून ठेव, पोरी."

गाडी विकली गेली नाही. तिला पुन्हा रंग दिला, वाळला की रेघ वर यायची, असं कारभारीने नोकरी सोडून जाताना सांगितलं. मग ती जिनिंगच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. मी ती पुन्हा पाहिली नाही. मालनबाई मात्र रोज कामाला जाताना मैदानाच्या फाटकात थांबायची. ओट्याकडे बघून पुढे जायची. मला तिने फक्त एकदाच विचारलं, "अजून किती?" मी म्हटलं, "अण्णासाहेबांवर आहे." ती म्हणाली, "मंग धरू द्या. माझी पोरगी हाय."

पावसाळ्याच्या तोंडाशी, दुपारी, अण्णासाहेब चालत माझ्याकडे आले. माणूस अर्धा झाला होता. ओट्यावर बसले, पाणी मागितलं, प्यायले नाहीत.

"गुरुजी, मी सोड म्हनलो," ते म्हणाले. "लय डाव म्हनलो. हात जोडून म्हनलो. ऐकंना."

"कोण ऐकेना?"

ते सदऱ्याची गुंडी चाचपू लागले.

"कोण ऐकेना, अण्णासाहेब? नाव सांगा."

"तुमाला ठावं हाय."

"मला ठावं आहे. तुम्हाला आहे का ते बघतोय."

त्यांनी तांब्याकडे पाहिलं. तांब्या लख्ख होता. त्यांनी झटकन मान फिरवली. "घरात आरसा ठिवला न्हाई म्या. भांडे काळे करून ठिवले. तरी दिसती ती दोरी. एक टोक..." त्यांनी छातीपाशी हात नेला आणि खाली घेतला. "ती सारखी विचारती. मला न्हाई, तुमाला विचारती. तुमी एकडाव म्हना. तुमचं ऐकंल ती."

"म्हणतो. आत्ता उठून ठाण्यात जा. त्या कागदावर 'अज्ञात' लिहिलंय तिथं तुमचं नाव सांगा. आणि तिचंही नीट सांगा, पूर्ण. तुम्ही बाहेर आलात की मी मैदानावर जाऊन म्हणतो."

"माझं काय ऱ्हाईल मंग, गुरुजी?"

 वर्गात एखाद्याला उत्तर येत नसेल तर मी त्याच्यासाठी थांबायचो. इतर मुलं हात वर करायची, तरी थांबायचो. सगळी माझ्या या थांबण्याला कंटाळायची. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

 त्यांचे ओठ हलले. 'बे' इतकं मला ऐकू आलं. मग त्यांनी तोंड मिटलं, उठले आणि जायला वळले.

पांढरा सदरा होता, धुतलेला, इस्त्रीचा. पाठीवर, कमरेच्या थोडं वर, आडवी निळी रेघ होती. पट्टीने मारल्यासारखी. फाटकापाशी ते मागून ओढ बसल्यासारखे थांबले, जोर लावला आणि पुढे गेले.

ते ठाण्याच्या दिशेने वळतात का ते मी बघत होतो. ते वाड्याकडे वळले. वळताना सदऱ्याची उजवी कड माझ्या बाजूला आली. रेघ संपते तिथे चिमटीचे दोन बारीक ठसे होते. गडद, ओले.